करजणला थांबलेली मेल

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं माहीत आहे. बारावीला मी एकदा गटांगळी खाल्ली ते, आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्यावर किती चिडचिड केली ते, लग्नाआधी कमाटीबागेत कुणासाठी चकरा मारायचो ते — सगळं. हे एक सोडून. हे तिला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा मी याच्या कडेकडेनंच जातो. आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का? तुमच्याकडे मला दसऱ्याला चहाला यायचं नसतं, हे एक कारण तरी नक्की आहे.

बडोद्याच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कंपनी कापडाचे रंग बनवायची — ऑफिस शहरात, कारखाना करजणला. ते दिवस आठवतात का तुम्हाला? एसटीडी बूथवाल्यांनी काचेवर 'इंटरनेट' अशी नवी पट्टी चिकटवायला सुरुवात केली होती. परदेशी ग्राहक फॅक्स सोडून मेल पाठवायला लागले होते, आणि मेल कुठून येते, कुठे थांबते, का हरवते हे आख्ख्या कंपनीत एकट्या मला कळायचं. पंचविशीतल्या पोराला याची किती नशा चढते! घरी मला दूध आणायला पिटाळायचे आणि ऑफिसात शेठ, म्हणजे सुरेशभाई, स्वतः येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.

ही नोकरी मला मनोहरकाकांनी लावून दिली होती. ते बडोद्याच्या समा भागात, म्हणजे सम्याला, आमच्याच सोसायटीत, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. त्यांचे आजोबा, पणजोबा संस्थानच्या कचेरीत. आमचे संस्थानच्या फौजेत. काका त्यावरून मला चिडवायचे — "आमच्या लोकांनी हुकूम लिहायचे आणि तुमच्या लोकांनी धावायचं." कंपनीत ते निर्यातीचं सगळं बघायचे. कुठला माल कुठल्या बंदरातून, कुठल्या ग्राहकाला निळ्याची कुठली छटा, कुणाच्या ड्रमवर कुठलं लेबल — सगळं तोंडपाठ. फाइल मागवायचेच नाहीत. नवा माणूस फाइल शोधत बसला की काका हसून आकडा सांगून मोकळे, आणि फाइल सापडली की आकडा तोच.

सोसायटीच्या गणपतीत आरत्या तेच सांगायचे. आरत्या आपल्यालाही येतात हो, पण तिसऱ्या कडव्यानंतर आपण सगळे ओठ हलवत काकांकडे बघतो — तसं व्हायचं. मंत्रपुष्पांजली तर त्यांच्याशिवाय सुरूच होत नसे. माझ्या आजीची जन्मतिथी आमच्या घरात कुणाला माहीत नव्हती, ती काकांना माहीत होती.

हे एवढं का सांगतोय? — सांगतो. त्यांची आठवण म्हणजे काय चीज होती ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तर मेल. आधी आमचा एकच सर्व्हर होता, बडोद्याच्या ऑफिसात. तो बसला की कंपनी बसली. सुरेशभाईंनी मला विचारलं, असं काही करता येईल का की एक बंद पडलं तरी काम थांबणार नाही? मी म्हटलं, करता येईल. करजणच्या कारखान्यात दुसरा सर्व्हर बसवला, छपरावर त्याची वेगळी डिश. बाहेरून येणाऱ्या मेलला आता दोन दारं झाली — अर्धी मेल बडोद्याच्या दारानं यायची, अर्धी करजणच्या. त्यामुळे ओझं वाटलं जायचं, आणि एक दार बंद असेल तर सगळी मेल आपोआप दुसऱ्या दारानं. आतल्या आत दोघांमध्ये एक लाइन टाकली होती. बडोद्याच्या माणसाची मेल करजणला उतरली तर करजणनं ती लगेच लाइनवरून बडोद्याला पोचती करायची. बस, एवढंच. आज शाळेतली मुलं हसतील. तेव्हा अशी व्यवस्था करणारे गावात किती होते? मी काही महिने त्यात जेवणखाण विसरून रमलो, आणि ती चालायला लागली तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. हे खोटं नाही. पुढे बरंच खोटं आहे.

आमच्या कारखान्याची एक पद्धत होती. जुने फिटर सगळे मराठी, त्यामुळे खंडेनवमीला यंत्रं बंद करायची, पुसून लखलखीत करायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ — आणि मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यंत्राला वर्षाची एक विश्रांती. शेठ गुजराती, पण त्यांनाही हे आवडायचं. ऑफिसातली टायपिंगची यंत्रंसुद्धा झाकून ठेवायचे. फक्त माझा सर्व्हर तेवढा फुलं डोक्यावर घेऊन घरघरत राहायचा. आमच्या घरी त्या दिवशी पणजोबांची तलवार बाहेर निघते. वडील ती पाटावर ठेवून पूजा करत, आणि दरवर्षी मला टोचत, की तुझ्या त्या डब्याला तू एक दिवस झोपू देत नाहीस, मग त्याची पूजा कसली?

त्या वर्षी मी ठरवलं — झोपू द्यायचं. आता दुसरा होता ना! बडोद्याचा सर्व्हर मी खंडेनवमीला रीतसर बंद केला. सुरेशभाई, काका, हिशेबखात्यातली मंडळी, सगळे त्या एवढ्याशा एसी खोलीत दाटीवाटीनं उभे. मी स्वतः कुंकू लावलं, हार घातला. कंपनीची मेल त्या क्षणी करजणला उतरत होती आणि इथे यंत्र शांत झोपलं होतं. सुरेशभाईंनी माझी पाठ थोपटली. सगळ्यांसमोर म्हणाले, मुंबईच्या ऑफिसात तिसरा बसवायचा, आणि तो तूच बसवायचा. काका दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा माझ्या वडिलांपेक्षा जास्त फुलला होता.

आता यातली बारीकशी गोष्ट. बडोदं झोपलेलं असताना करजणचा सर्व्हर दर थोड्या वेळानं लाइनवरून त्याचं दार ठोठावत राहणार, त्यात लाइन अडकणार. म्हणून मी करजणला हुकूम देऊन ठेवला होता — बडोद्याची मेल धरून ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. दसऱ्याला बडोद्याचा सर्व्हर चालू केला की मी हातानं तो हुकूम मागे घ्यायचा.

दसऱ्याला मुहूर्तावर सर्व्हर चालू केला. नारळ फुटला. फाफडा-जिलेबी आली, आपट्याची पानं वाटली गेली, पाया पडणं, गळाभेट. बडोद्याच्या दारानं मेल यायला लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या — आणि मी घरी गेलो. हुकूम मागे घ्यायचा विसरलो.

विसरलो. बघा, या सगळ्या गोष्टीत विसरला तो एक माणूस — मी.

पुढचे काही दिवस अर्धी मेल येत होती, अर्धी करजणला थांबत होती. सणाचे दिवस, माणसं सुट्टीवर, मेल मुळात थोडी. कुणी विचारलंच तर "नेट स्लो आहे" हे उत्तर तेव्हा कुणालाही पुरायचं. मग करजणच्या स्टोअरवाल्यानं काहीतरी विचारायला फोन केला म्हणून मी तिथल्या सर्व्हरवर नजर टाकली, तर बडोद्याची मेल तिथेच अडकून पडलेली. मी मुकाट्यानं हुकूम मागे घेतला. थांबलेली सगळी मेल लाइनवरून सरसर बडोद्याला आली आणि ज्याच्या त्याच्या डब्यात जाऊन पडली. तळाशी नव्हे — आमचा प्रोग्राम मेल पाठवणाऱ्याच्या तारखेप्रमाणे लावायचा. त्यामुळे उशिरा आलेली प्रत्येक मेल जुन्या, वाचून झालेल्या मेलच्या मध्ये, आपल्या तारखेच्या जागी जाऊन बसली. जणू पहिल्यापासून तिथेच होती.

कुणाला पत्ता लागला नाही. मी देवाचे आभार मानले. कुठल्या तोंडानं मानले असतील, सांगा.

त्या थांबलेल्या मेलमध्ये एक मनोहरकाकांची होती. युरोपातल्या आमच्या सगळ्यांत जुन्या ग्राहकानं कळवलं होतं, की नव्या लॉटचा नमुना आम्हाला हव्या त्या छटेशी जुळत नाही, माल पाठवू नका, थांबवा. ती मेल करजणला बसून असतानाच काकांनी माल बंदरावर रवाना केला. सांगितलेल्या दिवशी, वक्तशीर, नेहमीसारखा. मी मेल सोडली तोवर जहाज निघून गेलं होतं.

माल पोचला आणि ग्राहकाचा फोन आला. तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून बोलला म्हणे. आम्ही लेखी कळवूनसुद्धा तुम्ही माल आमच्या गळ्यात मारलात, यापुढे तुमचा आमचा संबंध संपला. काका कॉम्प्युटरकडे धावले, वर वर सरकत गेले — आणि ती मेल होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेची. त्यांनी ती उघडली, वाचली, आणि तसेच सुरेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. मलाही बोलावणं आलं.

त्या केबिनमधलं मला सगळं दिसतं. टेबलावरच्या काचेखाली रंगांच्या छटांचं कार्ड होतं. काका बसले नव्हते. ते म्हणत होते, ही मेल इथे नव्हती. मी रोज एकूण एक मेल वाचतो, त्या दिवशीच्या मला सगळ्या सांगता येतील, कुणाकुणाच्या होत्या त्या — आणि त्यांनी खरंच सांगितल्या, ओळीनं, न अडखळता. ही त्यात नव्हती. ही नंतर येऊन बसली आहे.

कुणीतरी हसलं. जुन्या मेलच्या मध्ये नवी मेल कशी येऊन बसेल? सुरेशभाई हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मेल कधी आली ते विचारलं.

"बोल भाई, आ मेल क्यारे आव्यो?"

उत्तर माझ्या हातात होतं. प्रत्येक मेलच्या पोटात तिचा प्रवास लिहिलेला असतो — कुठून निघाली, कुठे कधी पोचली, कुठे किती थांबली. दोन बटणं दाबली असती तर पडद्यावर दिसलं असतं. काका माझ्याकडे बघत होते. विनवणी नव्हती हो त्यांच्या डोळ्यांत. खात्री होती. हा पोरगा आता सांगेल आणि विषय मिटेल, एवढंच.

"जे तारीख देखाय छे ए ज दिवसे, साहेब," मी म्हणालो. म्हणजे, दिसते त्याच तारखेला आली.

नोकरी गेली असती का माझी? माहीत नाही. सुरेशभाई रागावले असते, मुंबईचं काम लांबलं असतं, आणि ज्या खोलीत टाळ्या मिळाल्या त्याच खोलीत मान खाली घालावी लागली असती. एवढंच. यापेक्षा मोठं काही पणाला लागलं होतं असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण नव्हतं. त्याच दिवशी दुपारी मी करजणच्या सर्व्हरवरच्या त्या आठवड्याच्या नोंदी पुसून टाकल्या.

काकांना कुणी काढलं नाही. सुरेशभाई त्यांना फार मानायचे. थोडा आराम करा, असं काहीतरी बोलले. काकांनीच राजीनामा दिला. ज्याला वाचलेलं आठवत नाही त्यानं त्या खुर्चीत बसू नये, म्हणाले. निरोपसमारंभात शाल घेताना ते हसत होते, आणि मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून सम्याला घरी सोडलं. त्यांची स्वतःची स्कूटर ऑफिसातच राहिली. नंतर कधीतरी घेऊन जाऊ म्हणाले.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल — भित्रा होता, खोटं बोलला, झालं. हेच आहे का ते, इतकी वर्षं लपवलेलं? मीही स्वतःला बरीच वर्षं असंच सांगत होतो. केबिनमधली चूक. घाबरलेल्या पोराची चूक. पण ती नाही हो. मी तिच्याभोवतीच फिरतोय मघापासून. खरी ती नाही.

काका घरी बसले. पहिले काही महिने ते नुसते विचार करत होते, असं विमलकाकू सांगायच्या. आधी म्हणायचे, मेल नव्हतीच. मग म्हणायला लागले, नव्हती असं मला वाटतंय. आकडेमोडीचा माणूस होता. एका बाजूला यंत्र, तारीख, शेठ, मी. दुसऱ्या बाजूला एकटी त्यांची आठवण. त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला आणि स्वतःच्या विरुद्ध निकाल दिला.

मग एकेक सुटत गेलं. स्कूटर त्यांनी परत आणलीच नाही, विकून टाकली — रस्ता विसरलो तर? गॅसचं बटण बंद केलं का, हे दहादा बघायचे. घराची एक किल्ली आमच्याकडे आणून दिली. त्या वर्षी गणपतीत आरतीला सगळे त्यांची वाट बघत उभे राहिले, तर ते मागे, चपलांच्या रांगेजवळ उभे. म्हणाले, तुम्ही म्हणा, माझं मध्येच काही राहून जाईल. पुस्तक काढून दुसऱ्या कुणीतरी वाचून आरत्या म्हटल्या. मी पुढच्या रांगेत होतो, हातात झांजा होत्या माझ्या. मागे वळून बघितलं तेव्हा काकांचे ओठ हलत होते. एकही शब्द चुकत नव्हता. वाचणारा चुकला तिथे ते बरोबर म्हणत होते, पण आवाज काढत नव्हते.

त्यांची मुलगी मीनल लग्नानंतर शहरातच, पण लांब वासण्याला राहायची. ती त्यांना मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, वस्तू लपवून विचारल्या. निकाल आला — काहीही झालेलं नाही, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मीनलनं पेढे वाटले. आमच्याकडेही आले होते. मी तो पेढा खाल्ला आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सुटलो एकदाचा, असं वाटलं. काहीही न सांगता सगळं आपोआप नीट झालं.

त्याच रविवारी सकाळी काकांनी मला बोलावलं. पोर्चमध्ये वेताच्या दोन खुर्च्या होत्या. काकू आत पोहे करत होत्या, कढीपत्त्याचा वास येत होता. आजूबाजूला कुणीही नव्हतं. शेठ नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता — तोवर मुंबईचा सर्व्हर मी बसवलेला होता, पगार वाढलेला होता, लग्न ठरलेलं होतं. मला कुणाचीच भीती नव्हती. हे लक्षात ठेवा.

काका थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "सुधीर, डॉक्टर तरुण आहे रे, माझं मन राखतो. मीनलचं तर सोडच. मला यातलं काही धरून चालता येत नाही. तुझं तसं नाही. तू त्या यंत्रात डोळ्यांनी पाहिलंस. एकदाच विचारतो, परत विचारणार नाही. ती मेल त्या दिवशी आली होती?"

बघा — त्यांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं आत जायचं होतं. 'नाही काका, नव्हती आली. तुमचंच बरोबर होतं,' एवढं एक वाक्य. ते रागावले असते का? मला वाटतं, त्यांनी मला मिठी मारली असती. त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. नोकरी नको होती त्यांना, सुरेशभाईंची माफीही नको होती. कदाचित ते कुणाला बोललेही नसते, माझी लाज त्यांनी झाकलीच असती. मी त्यांना ओळखत होतो.

मग मी का नाही बोललो? मला माहीत नाही. त्यांच्या नजरेतला मी मला मोडवला नाही, एवढंच सुचतं. ते इतक्या विश्वासानं बघत होते, की ज्यावर विश्वास ठेवायचा तो माणूस तिथे नाहीच, हे सांगणं मला जमलं नाही.

"हो, काका," मी म्हणालो. आणि वर, समजूत घातल्यासारखं — "होतं असं वयानं."

ते मान हलवत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. काकूंनी पोहे आणले. मी ते खाल्ले. दुसऱ्यांदा वाढले, तेही खाल्ले.

त्यानंतर काका बरीच वर्षं जगले. शांत होते. स्वतःहून काही सांगायचे नाहीत, विचारलं तर "मला नक्की आठवत नाही, हिला विचार" म्हणायचे, आणि काकू चुकीचं सांगायच्या तेव्हा खाली बघायचे. एकटे बाहेर जायचं सोडलं. पुढे सम्याचं घर विकून दोघं मीनलकडे वासण्याला गेले. मी दर दसऱ्याला सोनं द्यायला जायचो. ते पान घ्यायचे, हसायचे, आणि माझ्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की न चुकता म्हणायचे — "बहुतेक पुढच्या आठवड्यात, नाही का?" बहुतेक! तारीख त्यांना मिनिटापर्यंत माहीत असायची. पण 'बहुतेक' लावल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही.

मी मात्र वर गेलो. मेल कधीही हरवू नये म्हणून काय करावं, यावर कॉलेजांत जाऊन बोललो. एक यंत्र पडलं तर दुसरं, दुसरं पडलं तर तिसरं, कुठल्याही एकावर विसंबायचं नाही — पोरं वह्यांत लिहून घ्यायची. तो हातानं मागे घ्यायचा हुकूमही मी व्यवस्थेतून काढून टाकला. यंत्र चालू झालं की मेल आपली आपण सुटेल असं केलं, म्हणजे ती चूक परत कुणाच्या हातून होऊ नये. यंत्रापुरतं मी सगळं दुरुस्त केलं.

काका गेले त्यानंतरच्या दसऱ्याला मी वासण्याला गेलो. काकूंच्या पाया पडलो. त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलंय. हे नेहमी म्हणायचे, सगळे मला काही झालं नाही म्हणून थापा मारतात. तो एकटा सुधीर माझ्या तोंडावर खरं बोलला. त्याला अंतर देऊ नका."

मी काकूंनी दिलेलं आपट्याचं पान खिशात ठेवलं. चहा झाला. घरी जाताना एका झाडाखाली गाडी थांबवून मी किती वेळ बसलो होतो, कुणास ठाऊक. पण परत फिरलो नाही. काकू त्यानंतरही होत्या, चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. मी सांगितलं नाही. आता त्याही नाहीत.

आता तरी कुणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चाललो होतो. त्या भरवशावर कदाचित हे कधी लिहिलंही नसतं.

गेल्या महिन्यात वासण्याला भाजी घेताना मीनल भेटली. पन्नाशी ओलांडलीय तिनं. मला दादा म्हणते, सम्याला राहायची तेव्हापासून. हातात मेथीची जुडी होती, पर्स घरी विसरून आली होती, आणि त्यावर हसत होती. हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"दादा, खरं सांगू? मला भीती वाटते. परवा कुकर लावून विसरले. बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? आमच्या घराण्यातच आहे ते. मी तर मुलालाही सांगून ठेवलंय, तूही सांभाळ."

भर बाजार होता. ती माझ्याकडे बघत होती — अगदी काकांसारखी, तशीच खात्रीनं.

तिच्या मेथीचे पैसे मी दिले. म्हणालो, "चालायचंच गं, वय झालं आपलं." आणि गाडीकडे चालू लागलो.